अवसेच्या दिवशीची लागण

आमच्या साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात चपला बाहेर काढून जावं लागायचं. आत थंड हवा, काचेचं दार, मशीनवर प्लॅस्टिकची झाकणं. बॉयलरपाशी आयुष्य घालवलेले फिटरसुद्धा त्या दारापाशी आले की हात पुसायचे आणि आत शिरताना नकळत नमस्कार करायचे. विभागप्रमुख बनकर मॅडमना त्याचं हसू यायचं. चपला धुळीसाठी काढायच्या, आत देव नाही, मीच आहे, असं त्या सांगायच्या. आम्ही नमस्कार करतच राहिलो.

खंडेनवमीला कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. मिल, बॉयलर, वजनकाटा झाला की ताट कॉम्प्युटरकडे. एका वर्षी पूजेचा मान माझ्याकडे आला आणि मी भक्तिभावानं मशीनच्या सगळ्यांत सोयीच्या फटीत हळदीकुंकू सोडलं. ती फ्लॉपी घालायची जागा होती. मॅडम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दात घासायचा ब्रश घेऊन ते कुंकू काढत बसल्या होत्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी मात्र मशीनसमोर पुठ्ठ्याचा एक तुकडा मांडलेला होता आणि त्यावर लिहिलं होतं, ‘शिंदेराव, पूजा इथे.’

मी शिंदे, शेतकी विभागातला वरिष्ठ कारकून. कुणी कधी उसाची लागण केली, कुणाच्या उसाला तोड कधी मिळणार, हे सगळं माझ्या रजिस्टरांत असायचं आणि त्यामुळे माझ्या टेबलापाशी माणसं अदबीनं उभी राहायची. मॅडमनी ते सगळं कॉम्प्युटरवर नेलं. त्यामुळं मी त्यांच्यावर बरेच दिवस मनातून खार खाऊन होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी त्यांचं तोंड भरून कौतुक करणार आहे आणि ते कुणाला भाटगिरी वाटायला नको.

कुसुम बनकर मूळच्या पिंपळीच्या, वांगी-भेंडी पिकवणाऱ्या घरातल्या. लग्नानंतर बारामतीत राहायला आल्या, नवरा हायस्कुलात शिक्षक. वय चाळिशीचं, सुती साडी, पर्समध्ये एक स्क्रूड्रायव्हर आणि बहुतेक वेळा मेथीची जुडी. अठ्ठ्याण्णव साली बारामतीत जावा हे नाव ऐकलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी असतील. मॅडमनी पुण्याहून त्याचं जाडजूड पुस्तक आणलं, शाळेच्या पुस्तकासारखं त्याला खाकी कव्हर घातलं आणि जेवणाच्या सुट्टीत मेथी निवडता निवडता ते वाचून काढलं. त्यांच्या पुस्तकात पानोपानी मेथीची वाळलेली पानं सापडायची. चार-पाच महिन्यांत त्यांनी ऊसनोंदीचा अख्खा प्रोग्रॅम जावात लिहिला, तोही नेहमीचं काम सांभाळून.

प्रोग्रॅम अडला की स्क्रीनवर पानभर इंग्रजी ओसंडायचं. ऑपरेटर पोरी घाबरून ते घालवायला जायच्या आणि मॅडम त्यांचा हात धरायच्या. वांगं किडकं आहे का हे देठापाशी कळतं, आधी देठ बघा, म्हणायच्या. मग शंभरपानी वहीत ती पहिली ओळ हातानं उतरवून घ्यायच्या, शेजारी तारीख, वेळ, मशीन कोणतं. नंतर एक गोष्ट बदलायच्या आणि पुन्हा चालवून बघायच्या. एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि चाललं, तर कशामुळं चाललं हे कळत नाही, आणि न कळता चाललेलं परत बंद पडतं, हा त्यांचा ठाम सिद्धांत. घरी आमटीत मीठ आणि चिंचही त्या अशाच पाळीपाळीनं घालत असणार, असं मी एकदा म्हणालो. त्यांनी गंभीरपणे हो म्हटलं.

संचालक मंडळाला त्यांनी ड्रायव्हर म्हणजे काय हे समजावलं तेव्हा मी तिथं होतो. त्या म्हणाल्या, आपला प्रोग्रॅम एक भाषा बोलतो आणि नोंदी ज्यात साठवल्यात तो डेटाबेस दुसरी. मधे दुभाषी लागतो. पुण्याच्या कंपनीनं आपल्याला दिलाय तो ड्रायव्हर म्हणजे हा दुभाषी. त्यानं एखादी गोष्ट चुकीची पोचवली, तर दोन्हीकडची माणसं खरं बोलत असूनही भांडणं लागतील. संचालकांनी माना डोलावल्या आणि चहा मागवला.

पहिला दुभाषी भलताच हट्टी निघाला. शेतकऱ्याचं गाव आधी आणि नाव नंतर मागितलं की तो माहितीच नाही म्हणायचा. कंपनीचा इंजिनिअर आला, वायर बदलून गेला. पुन्हा आला, दुसरी वायर बदलून गेला. मॅडमनी वहीची चाळीस पानं भरली आणि शोधून काढलं की या ड्रायव्हरला रकाने डावीकडून उजवीकडं ओळीनंच वाचलेले लागतात. पंगतीत वाढपी टोकापासून निघतो, मधल्याला आधी वाढत नाही, तसं. त्यांनी तसं पत्र लिहिलं. कंपनीनं आभाराचा शब्दही न लिहिता नवा ड्रायव्हर पाठवून दिला, आणि खरी गोष्ट या नव्या ड्रायव्हरपासून सुरू होते.

कारखान्याची तीन गट ऑफिसं होती, पिंपळीला, कऱ्हाटीला आणि इंदापूर तालुक्यात कळसला. आडसाली, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच्या, लागणी झाल्या की शेतकऱ्याच्या सहीची चिठ्ठी गट ऑफिसात यायची, तिथला माणूस ती कॉम्प्युटरवर चढवायचा आणि फोनच्या तारेवरून ती मुख्य ऑफिसच्या मशीनवर पोचायची. ज्याची लागण आधी त्याला तोड आधी. एका दिवसाच्या फरकानं माणूस यादीत कितीतरी खाली जातो आणि ऊस वाळायला लागला की त्या एका दिवसासाठी भाऊ भावाशी बोलत नाही. म्हणून यादी आधी हरकतींसाठी फळ्यावर लावायची पद्धत होती.

त्या वर्षी यादी लागली आणि दुसऱ्याच दिवशी पिंपळीचे ज्ञानूआबा माझ्यासमोर येऊन बसले. हे मॅडमच्या भावकीतले, त्यांचे चुलत चुलते. त्यांनी आणि त्यांच्या कळसच्या साडूनं एकाच मळ्यातून बेणं आणलं होतं आणि एकाच दिवशी लागण केली होती. यादीत साडू एक दिवस आधी. आबांचं म्हणणं साधं होतं, कळसच्या माणसानं आपल्या गावाला पुढं काढलंय.

मी कळसच्या चिठ्ठ्या मागवल्या. ज्ञानूआबा खरं बोलत होते. ज्या चिठ्ठ्या तपासल्या त्या सगळ्यांवर तारीख बरोबर आणि कॉम्प्युटरवर एक दिवस आधीची. पिंपळी आणि कऱ्हाटीच्या नोंदींत असा फरक एकही नाही. कळसचा शेतकी मदतनीस होता विठ्ठल बरकडे. आजोबांपासून मेंढरं राखणाऱ्या घरातला पहिला नोकरदार, मोत्यासारखं अक्षर, कुणाच्या अध्यात न मध्यात. पण कागद समोर होते. ‘बरकडे यांनी हेतुपुरस्सर तारखा बदलल्याचे दिसते’ अशी टिपणी मी लिहिली आणि खाली सही केली. त्या सहीची मला आजही लाज वाटते.

एम.डी. साहेबांनी आठ दिवसांत चौकशी लावली. दोष सिद्ध झाला तर नोकरी जाणार, हे मेमोतच लिहिलं होतं. कंपनीच्या इंजिनिअरनं फोनवर सांगितलं की हा ड्रायव्हर जगभर चालतो, तुमचा माणूस बघा. बरकडे मेमो घ्यायला आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी चिठ्ठीत जे हाय त्येच टाकलंय, एवढं एकच वाक्य तो बोलला, आणि मेमोची घडी करून वरच्या खिशात ठेवून गेला.

मॅडमनी माझ्याकडून तिन्ही गटांची यादी मागून घेतली. मी मुद्दाम म्हणालो, तक्रार तुमच्याच आबांची आहे, तुम्ही यात कशाला पडता. लागणीच्या तारखांवर बोट ठेवत त्या खाली खाली येत राहिल्या. मग उठून भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुलैचं पान काढलं, पुन्हा यादी बघितली, पुन्हा पान. त्यांचं बोट काळ्या गोळ्यावर होतं. आषाढातली अमावस्या, दिव्यांची अवस.

“शिंदेराव, तुमच्याकडं आवसंला लागण करतात?”

“कुणीच करत न्हाय,” मी म्हणालो. खरंच, आमच्या भागात अवसेला कुणी नव्या कामाला हात घालत नाही. सगळे थांबतात आणि दुसऱ्या दिवशी एकदम सुरुवात करतात.

“मग ही बघा. पिंपळीला त्या दिवशी एक नोंद न्हाय, कऱ्हाटीला न्हाय. कळसला अठरा हायत. आन् दुसऱ्या दिवशी, जवा सगळा मुलूख लागण करत हुता, तवा कळसला चारच.”

मी म्हणालो, बरोबर आहे, बरकड्यानं एकेक दिवस मागं ओढलाय, म्हणून ती अठरा माणसं अवसेवर आली.

“ओढणारा कळसचाच हाय ना? खोटं लिवणारा माणूस बाकी काय बी लिवंल, आवस लिवणार न्हाय. गावात कुणी बी बघितलं तर पकडला जाईल. ह्ये माणसानं लिवल्यालंच न्हाय शिंदेराव. ज्याला आवस ठावं न्हाय त्यानं लिवलंय.”

मी तीस वर्षं लागणीच्या तारखा लिहीत होतो आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या क्षणी माझी त्यांच्यावरची खार संपली. राग गेला की माणसाला किती हलकं वाटतं, हे मला त्या थंड खोलीत कळलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं कळसला गेलो. एक खोली, टेबल, त्यावर स्वतः शिवलेलं कापडी झाकण घातलेलं मशीन. बरकडे खुर्ची असून उभाच होता. मॅडमनी त्याला बसायला लावलं आणि खोट्या नावानं एक नोंद केली. मुख्य ऑफिसला फोन करून विचारलं, तर तिथं ती एक दिवस आधीची दिसत होती. मग त्यांनी ड्रायव्हरला बोलतं केलं. तो प्रत्येक वेळी काय पाठवतो ते फायलीत लिहून ठेवायची एक सोय असते, ती चालू केली आणि तीच नोंद पुन्हा टाकली. फायलीत तारीख नव्हतीच. एक लांबलचक आकडा होता, सत्तर सालापासून मोजलेल्या वेळेचा. मॅडम वहीत हातानं भागाकार करत बसल्या. बरकड्यानं चहा आणला, तो निवला. शेवटी त्यांनी पेन ठेवलं आणि हे मशीन पहिल्यांदा कुणी लावलं ते विचारलं.

बरकडे पुन्हा उभा राहिला. मीच लावलं, म्हणाला. नवं होतं, कोणत्या देशाची वेळ असं विचारत होतं, म्हणून भारत निवडला. काही चुकलं का, असं त्यानं विचारलं.

मॅडम हसल्या. फोन करून बघायला लावलं, तर पिंपळी, कऱ्हाटी आणि मुख्य ऑफिस, तिन्हीकडची मशीन विलायतेची वेळ धरून आली होती आणि तशीच चालत होती. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून काटे जुळवले होते, म्हणून वेळ बरोबर दिसायची आणि कुणी आत डोकावलं नाही. नवा ड्रायव्हर दिवस दिवस म्हणून पाठवतच नव्हता; त्या दिवसाची मध्यरात्र म्हणजे नेमका कोणता क्षण, एवढंच पाठवत होता. भारतात मध्यरात्र होते तेव्हा विलायतेत आदल्या दिवशीची संध्याकाळ असते. कळसचं मशीन भारताची मध्यरात्र पाठवायचं आणि मुख्य ऑफिसचं मशीन ती विलायतेच्या घड्याळावर वाचून आदला दिवस लिहायचं. बाकीची दोन मशीन मुख्य ऑफिसइतकीच चुकीची होती, म्हणून त्यांचं जुळत होतं.

चौकशीच्या दिवशी मॅडमनी कळसचं मशीन जीपमधून आणवलं आणि एम.डी. साहेबांच्या खोलीत मांडलं. कंपनीचा इंजिनिअर टाय लावून आला होता. ज्ञानूआबा फेटा बांधून. बरकडे दाराजवळ. मॅडमनी आधी आबांना विचारलं.

“आबा, तुमच्या साडूनं आवसंला लागण केली, असं यादी म्हणतीया.”

“त्यो आवसंला दाढीसुदिक करत न्हाय,” आबा म्हणाले, आणि आपण काय बोललो हे कळून फेटा सावरायला लागले.

मग मॅडमनी इंजिनिअरला विनंती केली की त्यांनी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या नावानं, आजची तारीख टाकून एक नोंद करावी. त्यानं केली. मुख्य मशीनवरून छापील कागद आला. एम.डी. साहेबांनी तो वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. कागदावर कालची तारीख होती.

“साहेब,” मॅडम शांतपणे म्हणाल्या, “हेतुपुरस्सर तारीख बदलणारे आता दोन झाले. मेमो दोघांना द्या, नाहीतर एकाचा मागं घ्या.”

इंजिनिअरनं वायर तपासायला सुरुवात केली. खोलीत पहिल्यांदा हसले ते ज्ञानूआबा. ही आमच्या पिंपळीची पोर हाय, असं त्यांनी एम.डी. साहेबांना सांगितलं, जणू तक्रार त्यांनी नव्हे, दुसऱ्याच कुणी केली होती. मला वाटलं, पिंपळीचीच कशाला, आमची सगळ्यांची आहे. मी आयुष्यात कारखान्याचे बरेच सत्कार-समारंभ पाहिलेत, पण छाती इतकी भरून आलेली मला दुसरी वेळ आठवत नाही.

मॅडमनी प्रोग्रॅम दुरुस्त केला. तारीख क्षण म्हणून न पाठवता साधा मजकूर म्हणून पाठवायची, म्हणजे दुभाष्याला तिच्यात काही करता येत नाही. कळसच्या सगळ्या नोंदी चिठ्ठ्यांवरून पुन्हा चढवल्या, त्या मी स्वतः बसून ताडून पाहिल्या. पुढं कंपनीकडून सुधारलेला ड्रायव्हर आला. सोबतच्या कागदावर बारीक टायपात लिहिलं होतं की तारखेसंबंधीचा एक दोष काढला आहे. तो कुणी शोधला, हे लिहिलेलं नव्हतं. तो कागद मी कॉम्प्युटर विभागाच्या काचेच्या दाराला आतून चिकटवला आणि खाली लाल शाईनं मॅडमचं नाव लिहिलं. त्यांनी तो दोनदा काढला. मी तीनदा लावला.

बरकड्याचा मेमो मागं घ्यायचं पत्र मात्र मीच तयार केलं, आणि तिथंही मी कारकूनच राहिलो. ‘तांत्रिक दोष आढळल्याने सदर प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे.’ म्हणजे फाइल बंद. मॅडमनी ते वाचून विचारलं होतं की यात त्याची चूक नव्हती असं कुठं लिहिलंय. कारखान्याची भाषा अशीच असते, असं मी म्हणालो. पत्र गेलं, बरकडे कामावर राहिला, आणि मला वाटलं, मिटलं.

निन्याण्णव साल सरता सरता मॅडमनी नोकरी सोडली. एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला जाणार होत्या. निरोप समारंभाला त्यांनी ठाम नकार दिला. जायच्या आधी तिन्ही गट ऑफिसांची मशीन एकदा बघून घेते म्हणाल्या, आणि कळसला जाताना मी सोबत गेलो.

काम उरकलं होतं. बरकडे रानात पाहणीला गेला होता. तेवढ्यात एक म्हातारा दारात आला, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. चपला काढल्या, पण आत आला नाही. विठ्ठलचा बाप मी, म्हणाला. उभं आयुष्य मेंढरांमागं फिरलो, वाचायला येत नाही, म्हणून इचारतो.

“बाई, कारखान्यानं पोराला पदरात घेतलं, असं गाव म्हणतं. चूक झाली हुती, पर गरिबाचं म्हणून सोडून दिलं. पोरगं काय बोलत न्हाय. खरं काय हुतं?”

मी खाली बघितलं. ते पत्र माझं होतं. मॅडम उठून त्याच्याजवळ गेल्या.

“तात्या, चार मशिनी हुत्या. तीन चुकीच्या येळंवर चालत हुत्या. तुमच्या विठ्ठलनं लावल्याली एकटी बरोबर हुती. त्येच्यामुळं तर चूक सापडली.”

समोर रस्त्यापलीकडं चहाचं हॉटेल होतं, बाकड्यांवर दहा-बारा माणसं बसली होती. म्हाताऱ्यानं काठीनं तिकडं दाखवलं.

“ह्ये तितं येऊन सांगता का?”

मॅडमनी चपला घातल्या आणि रस्ता ओलांडला. मी दारातून बघत होतो. बाकड्यांसमोर उभं राहून त्यांनी पदर खोचला आणि पिंपळीच्या मळ्यात हाक मारावी तशा खणखणीत आवाजात सुरुवात केली. माणसांनी कप खाली ठेवले. म्हातारा त्यांच्या शेजारी काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ उभा होता. पहिल्यापासून सगळं सांगत त्या बरकड्याच्या नावापाशी आल्या, तेवढ्यात आमची बारामतीची एसटी येऊन थांबली आणि कंडक्टरनं घाई केली. मॅडमनी हात करून त्याला थांबवलं आणि वाक्य पुरं केलं.